मोठा पेला

अवघड जागेचं दुखणं माणूस बायकोपासून लपवतो, आणि पैलवान तर स्वतःपासूनसुद्धा. रणधीर मगदूमनं आपली गाठ कितीतरी महिने लपवली. आंघोळ करताना साबणाच्या हाताला डाव्या बाजूला चिंचोक्याएवढं काहीतरी कडक लागायचं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. तो साखर कारखान्यावर सुरक्षा अधिकारी होता. त्या वर्षी कारखान्यानं कामगारांच्या तपासणीसाठी फिरतं यंत्र आणलं, त्या यंत्रानं गाठ पकडली आणि रणधीरची रवानगी मिरजेला झाली.

मिरजेत डॉ. मेहजबीन मुजावर होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, बोलायला स्पष्ट. त्यांचा सगळा जन्म काढलेल्या अवयवांचे पातळ काप काचेखाली बघण्यात गेला होता. आता काच कोपऱ्यात गेली होती आणि तिच्या जागी ऊतिदर्शक आला होता.

"घाबरू नका. कापायचं नाही, टोचायचंही नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी अशी गाठ दिसली की आम्ही सुई घालत नव्हतो. कॅन्सर असला तर सुईच्या वाटेनं पसरायची भीती. मग जांघेतून अख्खं वृषणच काढायचे आणि माझ्याकडे पाठवायचे. कधी आत निघायचा साधा क्षयाचा गोळा. पण काढलेलं परत कोण लावणार?"

ऊतिदर्शकाची करामत अशी होती. प्रकाशाचा अगदी बारीक ठोका आत सोडायचा. त्या उबेनं पेशी कणभर फुगतात आणि फुगताना कानाला न येणारा आवाज करतात. निरोगी पेशीचा आवाज वेगळा, सडलेलीचा वेगळा, व्रणाचा वेगळा. लाखो आवाज गोळा करून यंत्र पेशीन् पेशी पडद्यावर उभी करायचं. रणधीर डोळे मिटून पडून राहिला. यंत्र गुणगुणत होतं.

"गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जुना व्रण. कॅन्सर नाही."

रणधीरनं सुस्कारा सोडला आणि तो पँटचा पट्टा आवळून उठला.

"बसा, मगदूम. गाठ साधी आहे, पण तिच्या आजूबाजूचं साधं नाही. मुलं किती तुम्हाला?"

"नाहीत." त्यानं सवयीनं पुढचं जोडलं, "बायकोचा काहीतरी प्रॉब्लेम आहे."

डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडे वळवला. गुलाबी भुईवर पांढुरक्या, काचेसारख्या, रिकाम्या वळ्या दिसत होत्या.

"वृषणाच्या आत केसासारख्या नलिका असतात. पोरगा लहान असतो तेव्हा त्या भरीव, बंद असतात. वयात येताना उघडतात आणि त्यांच्या भिंतीपाशी बीज तयार व्हायला लागतं. इजा लहानपणी झाली तर नलिका बंदच राहतात. म्हातारपणी झिजतात त्या एक इथं, एक तिथं अशा. गाठींचंही तसंच. लहान पोरांत एक जात, तिशीत दुसरी, साठीनंतर तिसरीच. म्हणून आम्ही आधी पेशंटचं वय विचारायचो आणि मग काचेत बघायचो. हे यंत्र उलटं चालतं. ते बघतं आणि वय सांगतं. माणसाचं नाही, इजेचं. तुमच्या दोन्ही बाजूंच्या नलिका उघडल्या आणि उघडता उघडता मेल्या. सगळ्या बरोबरच."

रणधीर पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "उसाचं पेर आखडतं तसं."

"म्हणजे?"

"पाणी तुटलं की त्या दिवसातलं पेर आखूड राहतं. पुढं पाट भरून पाणी द्या, ते पेर आखूडच. तोडणीला आलेला ऊस बघून सांगता येतं, कधी तहानला होता ते."

"अगदी तसंच."

"माझं कधी तुटलं?"

"पंधरा ते एकोणीस. त्या वयात कसलं संप्रेरक घेत होता? जनावरं लवकर भरावीत म्हणून चोरून देतात ना, त्या जातीचं. ते बाहेरून मिळायला लागलं की मेंदू वृषणाला सांगतो, तुझी गरज नाही, झोप. मोठ्या माणसानं थोडे दिवस घेऊन सोडलं तर ते बहुधा परत जागं होतं. पण कोवळ्या वयात, वर्षानुवर्षं दिलं तर झोपेतच मरतं. औषध कधीच निघून गेलंय. त्यानं जनुकांवर उमटवलेला शिक्का राहिलाय."

"मी आयुष्यात असलं काही घेतलं नाही," रणधीर चिडून म्हणाला. "सुपारीचं खांडसुद्धा नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई. तेही वस्तादांच्या हातचं..."

आणि त्याला मोठा पेला आठवला.

वारणेकाठच्या कुरणवाडीत नलवडे तालीम होती. तिथं यशवंत वस्ताद निवडक पोरांना मोठा पेला द्यायचे. थंडाई सगळ्यांनाच मिळायची, पण मोठा पेला ज्याच्यात मल्ल दिसेल त्यालाच. तो वस्ताद मागच्या खोलीत स्वतः कालवायचे आणि मारुतीसमोर आपल्या हातानं पाजायचे. पितळेचा पेला, वर केशर, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी उरणारा कडवटपणा. "कडू लागतंय ते बळ हाय," वस्ताद म्हणायचे. रणधीर पंधराव्या वर्षी पहिला पेला प्याला होता. त्या दिवशी त्याच्या बापानं गावात पेढे वाटले होते. एकोणिसाव्या वर्षी त्यानं जिल्ह्याची गदा आणली. गावाच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान उभी राहिली.

शीतलची उसाच्या रोपांची रोपवाटिका होती. रणधीर आला तेव्हा ती ट्रेमध्ये माती भरत होती. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही.

"बारा वर्षं," ती म्हणाली. "सोनोग्राफ्या माझ्या, इंजेक्शनं मला, उपास मी केले. तुम्ही एकदा तपासून घ्या म्हटलं तर ताट भिरकावलंत. पैलवानाची तपासणी करतात होय, म्हणालात. जावेच्या डोहाळजेवणाला मला स्वयंपाकघरातनं बाहेर येऊ दिलं नाही."

"शीतल, मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं. त्यांना?" तिनं हातातली माती झटकली. "दर गुरुपौर्णिमेला मी वस्तादांच्या पाया पडले. डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, पुत्रवती भव. त्यांना माहीत होतं का?"

"असेलच असं नाही. बळ वाढतं एवढंच ठाऊक असेल..."

"मग विचारून या," शीतल म्हणाली. "आणि माहीत असलं, तर त्यांना सुखानं मरू देऊ नका."

रणधीर त्याच पावली निघाला असता. वस्तादांची मान त्याच्या दोन तळव्यांत मावली असती, आणि त्या मानेचा विचार त्याला खरंच गोड लागत होता. पण वस्तादांनीच त्याला शिकवलं होतं की रागानं अंगावर जाणारा मल्ल पहिल्या मिनिटात पाठीवर पडतो. समोरच्याला जोर करू द्यायचा आणि तो जोर त्याच्याच अंगावर घालायचा.

त्यानं आधी माणसं गोळा केली. पैलवानाला त्या तपासणीला तयार करणं हे वळू गोठ्यात घालण्याइतकं अवघड. सदाशिव पन्नाशीचा, मोठ्या पेल्याच्या पहिल्या पोरांतला. त्यानं आधी शिव्या घातल्या आणि मग गपगुमान गाडीत येऊन बसला. त्याच्या बायकोनं मूल होत नाही म्हणून फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. इरफान सत्तावीस वर्षांचा, नवं लग्न झालेला. तो हसत हसत आला आणि परत जाताना मागच्या सीटवर तोंड झाकून पडून राहिला. तिघांची वयं वेगळी, पण पडद्यावरचं चित्र एकच. इजेचं वय पंधरा ते एकोणीस. फक्त इरफानच्या एका कोपऱ्यात काही नलिका अजून जिवंत होत्या.

"पोलिसांत द्यायला हे पुरेल?" रणधीरनं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "काय झालं आणि कधी झालं, एवढं यंत्र सांगतं. कुणी केलं ते नाही. पोरांनी आपणहून घेतलं असेल, असं तुमचे वस्ताद म्हणतील. आणि आत्ताही तिथं कुणाला देत असतील, तर वाट बघू नका, मगदूम. कोवळ्या पोरांचं महिन्यागणिक नुकसान होतंय."

दुसऱ्याच दिवशी रणधीर तालमीत गेला. जग बदललं होतं. मोठ्या मैदानांत आता गादीखाली दाब मोजणाऱ्या पट्ट्या आल्या होत्या, निकाल यंत्रच द्यायचं. पण नलवडे तालमीत लाल माती होती, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबं पडत होती. सत्तरी ओलांडलेले वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसले होते.

"आलास व्हय रं वाघा!" त्यांनी उठून त्याला मिठी मारली. रणधीरनं ती मारू दिली. "बरं झालं. हनुमान जयंतीला तूच पाहुणा. चार पोरं निवडल्यात यंदा. मोठा पेला तुझ्या हातनं देऊ."

हौद्यात एक पोरगा बाकीच्यांना एकामागून एक लोळवत होता. एकोणीस-वीसचा, अंगानं सडसडीत, पण चपळ. तो वस्तादांचा नातू शौर्य.

"हा असेलच चौघांत," रणधीर म्हणाला.

"छ्या. त्याला न्हाई देत." वस्तादांनी काठी जमिनीवर आपटली. "घरचं पोरगं म्हणून लाड न्हाईत. मोठा पेला कमवावा लागतो."

जवळ बसलेल्या दोघा-तिघांनी कौतुकानं माना डोलावल्या. स्वतःच्या नातवालाही देत नाहीत, असा कडक माणूस आता मिळायचा नाही, असं गावात सगळेच म्हणत. रणधीर मात्र जागच्या जागी गार पडला. शीतलच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं होतं.

निघताना शौर्य त्याला सोडायला गाडीपर्यंत आला. "काका, आबांना जरा सांगा ना," तो हळूच म्हणाला. "मी मोठ्या पेल्यावरच्या पोरांनाही पाडतो. सगळं करतो. तरी आबा मला साधं दूध देतात. माझ्यात काय कमी आहे?"

"सांगतो," रणधीर म्हणाला. "जयंतीला सांगतो."

जयंतीला दोनच दिवस उरले होते. तेवढे त्यानं दात आवळून काढले.

सूर्य उगवताना जन्मकाळ झाला, सुंठवडा वाटला गेला. तालमीचं अंगण माणसांनी भरलं होतं. निवडलेल्या चार पोरांचे आईबाप नवी कापडं घालून पुढं बसले होते. बायकांच्या घोळक्यात शीतल होती. सदाशिव आणि इरफान दाराशी उभे होते. वस्ताद मागच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं ताट घेऊन बाहेर आले. चार पितळी पेले, वर केशर.

रणधीरनं ताट हातात घेतलं.

"वस्ताद, एक मागणं आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आज पहिला पेला शौर्यला देऊया. मोठ्या पेल्यावरच्या पोरांनाही पाडतो तो. घरचा म्हणून किती दिवस मागं ठेवायचा?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी घातली. वस्ताद हसले, पण नुसते ओठांनी.

"न्हाई. त्याला अजून येळ हाय."

"पंधरा वर्षांच्या पोराला चालतो, त्याला कसली वेळ?"

"पित्त हाय त्याला. सोसायचं न्हाई."

"मला कधी पित्त झालंय, आबा?" शौर्य पुढं आला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं आजोबांकडे पाहिलं, मारुतीला हात जोडले, रणधीरच्या पायाला हात लावला आणि ताटातला पेला उचलला.

रणधीर शौर्यकडे बघत नव्हता. तो वस्तादांकडे बघत होता. पेला ओठांकडे चालला तसे वस्तादांचे डोळे विस्फारत गेले, तोंड उघडलं, आणि कुणाला काही कळायच्या आत म्हातारा वीतभर उडाल्यासारखा पुढं झेपावला. त्याच्या हाताचा फटका शौर्यच्या मनगटावर बसला. पेला उडून हौद्याच्या मातीत पडला. केशराचं दूध शौर्यच्या हनुवटीवरनं गळत होतं.

"थुंक!" वस्ताद ओरडले. "थुंक आधी!"

शौर्य थुंकला.

"आबा, काय होतं त्यात?"

"काय न्हाई. दूध."

"मग मारलंत का?"

पुढं बसलेला एक बाप हळूहळू उठून उभा राहिला. धोंडीराम सुतार, त्याचा थोरला गेली दोन वर्षं मोठा पेला पीत होता आणि आज धाकट्याची पाळी होती. तो म्हणाला, "वस्ताद, माझ्या पोराच्या हातावर तुम्ही कधी मारलं नाही."

ताटात तीन पेले उरले होते. शीतल घोळक्यातनं बाहेर आली, तिनं ते ताट रणधीरच्या हातातनं घेतलं, वर पदर पसरला आणि ती दाराशी, इरफानजवळ जाऊन उभी राहिली. एक थेंब कुणाला सांडू दिला नाही तिनं.

रणधीरला आता बोलायचं होतं. दोन दिवस त्यानं हे बोलणं मनात घोळवलं होतं. कमान उभारलेल्या गावासमोर, मारुतीसमोर, ते उच्चारायचं होतं.

"मी बाप होऊ शकत नाही," तो म्हणाला. "दोष शीतलमध्ये कधीच नव्हता. माझ्यात आहे. मिरजेच्या यंत्रानं बघितलंय. माझं वृषण मेलंय, आणि ते मी या पेल्यावर होतो तेव्हाच मेलं. सदाशिवचं तसंच. इरफानचं तसंच. जनावरांना फुगवायचं औषध आहे यात. आणि वस्तादांना ते माहीत आहे. तुमच्या डोळ्यांनी बघितलंत."

सदाशिव पुढं येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

वस्ताद हौद्याच्या काठावर मटकन बसले. पण मोडले नव्हते. मान वर करून म्हणाले, "गदा पाहिजे होती की रं तुला. वेशीवरची कमान काय फुकट मिळाली? पोरं हरली की हेच लोक थुंकत होते माझ्यावर. मी मल्ल दिले गावाला."

"स्वतःचं घर सोडून," रणधीर म्हणाला.

शौर्य मनगट धरून आजोबांकडे बघत होता. मग तो अंगणातनं बाहेर पडला आणि मागं वळून न बघता चालायला लागला. "शौर्या," अशी म्हाताऱ्यानं हाक मारली. अख्ख्या पंचक्रोशीत धाक असलेला तो आवाज पार चिरकला होता. रणधीरनं तो चिरकलेला आवाज नीट ऐकून घेतला, तहानलेल्यानं पाणी प्यावं तसा.

पुढचं भराभर झालं. पेल्यांत काय होतं ते प्रयोगशाळेनं सांगितलं, मागच्या खोलीला पोलिसांनी सील ठोकलं. सध्या मोठ्या पेल्यावर असलेली सगळी पोरं मिरजेला नेली. धोंडीरामच्या थोरल्याच्या नलिका थकल्या होत्या, पण मेल्या नव्हत्या. औषध बंद झालं तर परत जाग्या होतील, असं डॉक्टर म्हणाल्या. एका पोराला मात्र त्यांनी नुसतं सहा महिन्यांनी परत ये म्हणून सांगितलं. वस्तादांना वयामुळे जामीन मिळाला. ते घरात एकटे बसून असत. जेवण शेजारून यायचं, कधी यायचं नाही. लोकांनी दारावरून जाणं सोडलं.

सूड पचत नाही, माणूस तळमळतो, असं सांगतात. रणधीरला तसं काही झालं नाही. तो पोटभर जेवत होता, गाढ झोपत होता. वस्ताद आता काठीशिवाय उठू शकत नाहीत असं कुणी सांगितलं की तो परत विचारायचा, "अजिबात उठू शकत नाहीत?"

एके दिवशी दुपारी कारखान्याच्या फाटकावर शौर्य आला. गाडी लावून तो बराच वेळ उन्हात उभा होता. रणधीर बाहेर गेला.

"सांगलीला मामाकडे राहतोय," शौर्य म्हणाला. "कुस्ती सोडली. काका, एकच विचारायचंय."

"विचार."

"त्या पेल्यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्या पायाला हात लावून तो उचलला." तो अडखळला. "आबांनी हात मारला नसता तर? तुम्ही मला पिऊ दिला असता?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. एका पेल्यानं काही होत नाही, हे डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. पोरांना वाचवायला दुसरा इलाज नव्हता, हेही खरं होतं. रणधीरच्या जिभेवर सगळं आलं. पण पोरगा सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होता.

"दिला असता," तो म्हणाला.

शौर्यनं मान हलवली. गाडीवर बसला, हेल्मेट चढवलं, आणि काच खाली करायच्या आधी म्हणाला, "आबांनी निदान हात तरी मारला."

संध्याकाळी रणधीरनं शीतलला सगळं सांगितलं. ती रोपं ट्रेमधून उपसून गठ्ठे बांधत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"मी पण तेच म्हणाले असते," ती म्हणाली. "ताट माझ्या हातात असतं तर मी पण त्याला दिला असता. त्या क्षणी ते पोरगं मला दिसतच नव्हतं."

रणधीर तिच्या शेजारी बसला. तिनं पुढचं रोप उचललं.

"उद्या सांगलीला जाऊन या."

"काय सांगू त्याला?"

"ते मला नाही माहीत," शीतल म्हणाली. "पण जा."